दर पाच चुलींमागे एक बाई

मी सोळा वर्षांची असताना एक नियम काढला आणि त्यापायी तीन दिवसांत आमच्या गावातल्या चौपन्न चुलींच्या चौऱ्याण्णव चुली झाल्या. वाटण्या झाल्या नाहीत, भाऊबंदकी माजली नाही, तलाठ्याला पत्ता लागला नाही. नुसत्या चुली पेटल्या. ओसरीत पेटल्या, गोठ्यात पेटल्या, आंब्याखाली पेटल्या. एक तर भाताच्या कणगीला इतकी खेटून पेटली की मीच धावत जाऊन ती पाणी ओतून विझवली, आणि वर पाणी नासलं म्हणून शिव्याही खाल्ल्या.

नियम एवढा मूर्खपणाचा का निघाला ते कळायला आधी मी कोण ते सांगायला हवं. मी शहापूरची, सातवी पास. लग्न होऊन आले मुरबाड तालुक्यात, म्हसा गावापासून दोन कोसांवरच्या खेड्यात. शहापूर म्हणजे काय मोठं लंडन नव्हे. एक पेठ, एक कचेरी आणि पावसाळाभर गुडघाभर चिखल. पण सासरच्या गावात वाचता येणारी बाई मी एकटी, त्यामुळे मी वागायची मात्र लंडनच्या वर. बाया पाण्याला बोलवायच्या तर मी म्हणायची, "थांबा, मला वाचन आहे." वाचन म्हणजे मुरबाडच्या बाजारातून गूळ बांधून आलेला कागद.

खरंखुरं वर्तमानपत्र यायचं ते सासऱ्यांसाठी. आम्ही सासऱ्यांना मामा म्हणायचो आणि सासूला आत्या. मामा गावचे पाटील. त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून बाजाराहून पाच-सहा दिवसांचं शिळं वर्तमानपत्र आलं की ते ओटीवर सुपारी कातरत बसत आणि मी दाराआडून मोठ्याने वाची. स्वातंत्र्य अगदी तोंडावर आलेलं ते वर्ष. दिल्लीला देशाचा कायदा लिहायला सभा बसली होती आणि तिच्यात कोणाची किती माणसं, यावर रकानेच्या रकाने भरून येत होते.

एके दिवशी मी वाचलं की दर दहा लाख माणसांमागे एक माणूस सभेत बसणार.

"आणि ज्या संस्थानात दहा लाख नायत त्यांचं काय?" मामांनी विचारलं. आमच्या उत्तरेला डोंगरापलीकडे जव्हारचं संस्थान होतं. तिकडे त्यांचा एक बैल विकलेला होता, त्यामुळे त्यांना आपुलकी.

"लहान संस्थानांची मोळी बांधायची आणि साऱ्या मोळीमागे एक माणूस."

मामांचा अडकित्ता थांबला. "म्हणजे पाच राजे आणि एक खुर्ची? आळीपाळीने बसणार का मांडीवर मांडी?"

मी इतकी हसले की पुढचं वाचायचं राहिलं. राहिलं म्हणजे, खरं सांगायचं तर, मी गाळलं. पुढे अर्धा रकाना होता आणि त्याच्याखाली केसांच्या तेलाची जाहिरात होती. जाहिरातीतल्या बाईचे केस टाचेपर्यंत होते. मी म्हटलं, "संपलं मामा," आणि कागद घेऊन आत पळाले.

त्याच उन्हाळ्यात लोकल बोर्डाचे ओव्हरसियर सायकलवरून गावात आले. डोक्यावर साहेबी टोपी, हातात टेप. त्यांनी सांगितलं, गावाला विहीर मंजूर झाली आहे. एकच. "दहा दिवसांनी परत येतो. तोवर गावाने एक जागा ठरवायची. माझ्यासमोर दोन जागा दाखवल्यात, तर विहीर पुढच्या गावाला."

आता गाव एक असलं तरी पाडे चार. मोठा पाडा एकतीस चुलींचा, आमचं घर त्यातलंच. खालचा पाडा बारा चुलींचा, नदीकडचा आठांचा. आणि नाल्यापलीकडे उंचावर टेकाडपाडा, तिथे अवघ्या तीन चुली. मोठ्या पाड्यात मारुतीच्या देवळापुढे एक जुनी विहीर होती. चैत्रात तिचं पाणी तळाला जायचं, पण जायचं तरी तळालाच. टेकाडाला काहीच नव्हतं. तिथल्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणायच्या, म्हणजे कोपरभर खड्डा, त्यात पाणी पाझरायची वाट बघायच्या, करवंटीने घागर भरायच्या आणि मग ती डोक्यावर घेऊन नाल्याची सरळसोट दरड चढायच्या.

त्या दरडीवरून टेकाडावरच्या म्हातारीची सून आदल्या वर्षी घागरीसकट घसरली होती. पोटुशी होती. पोर गेलं. त्यानंतर ती माहेरी किन्हवलीला गेली आणि निरोप धाडला, दरड न उतरता पाणी मिळालं की मी येईन. म्हातारीचा मुलगा दोनदा जाऊन हात हलवत परत आला. तेव्हापासून म्हातारी स्वतः घागर वाहायची. माझ्या हिशेबी ती शंभर वर्षांची होती. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे आणि कळतं, ती पन्नाशीचीच असावी.

ओव्हरसियर गेले आणि गावातल्या पुरुषांनी भाताच्या रोपासाठी राब भाजायचं सोडून दोन दिवस विहिरीवर भांडण केलं. प्रत्येकाला विहीर गावाची हवी होती आणि प्रत्येकाला ती स्वतःच्या शेतात हवी होती. तिसऱ्या सकाळी मामा देवळाच्या पायरीवर उभे राहिले. "तुमच्यातल्या कोणी जन्मात एक घागर भरली हाय का?" मामांनी एकेकावर बोट फिरवलं. "मग गप बसा. पाणी बाया भरतात, जागा बाया ठरवतील. आपण फक्त खणायचं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाय, तू दिल्लीचं वाचतेस. तिकडं करतात तसं कर."

झालं. मला पंख फुटले. देवळाच्या कट्ट्यावर चारी पाड्यांच्या बाया जमवून मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नियम सांगितला. दर पाच चुलींमागे एक बाई. पाच चुलींनी आपली बाई निवडायची, निवडलेल्या बाया बसून जागा ठरवतील, ज्या जागेला जास्त बाया ती जागा. मोठ्या पाड्याच्या सहा बाया झाल्या, खालच्या पाड्याच्या दोन.

टेकाडावरची म्हातारी मागे उभी होती. "आमच्या तीन चुली, गो. आमची किती?"

याची तर मी वाटच बघत होते. "तुमची मोळी बांधलीय. नदीकडच्या पाड्याशी. आठ आणि तीन अकरा, दोघी येतील."

"येणार त्या नदीकडच्याच."

"पण तुमच्या वतीने बोलतील ना."

"त्यांच्या झिऱ्यावर आमची घागर मागं सारतात त्या," म्हातारी म्हणाली, "आणि इथं आमच्या वतीनं बोलतील व्हय?"

मी म्हटलं, दिल्लीत असंच असतं, मोठमोठे राजेसुद्धा ऐकतात. म्हातारीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात न घेण्याचं वांगं पाहावं तसं, आणि टेकाडाची वाट धरली.

साऱ्या सासवांचं मत देवळापुढे, जुन्या विहिरीला लागून नवी विहीर, असं होतं. पाण्याला जाता जाता दर्शन होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट, देवळापुढची विहीर मोठ्या पाड्यातल्या कुठल्याही ओटीवरून दिसते. सून कधी गेली, कोणाशी बोलली, किती वेळ बोलली, सगळं तांदूळ निवडता निवडता कळतं. खालच्या पाड्याच्या आणि नदीकडच्या सासवाही देवळाच्याच बाजूच्या. म्हणजे टेकाडाचा निकाल लागल्यातच जमा होता आणि तो मी लावला होता, दिल्लीच्या थाटात, पदर सारखा करून.

पण बायांनी माझा नियम माझ्यापेक्षा नीट ऐकला होता. मी म्हटलं होतं चूल. घर नव्हे, माणूस नव्हे, चूल.

आमच्याकडे घर एक म्हणजे चूल एक, आणि चूल एक म्हणजे तिच्यापुढे सासू एक. चार-चार सुना, पण मिठाचा हात सासूचा. वेगळी चूल मांडणं म्हणजे घर फोडणं, ते तोंडातून काढायचीही चोरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुना मनात तीन दगड मांडून झुरत मेल्या. आणि आता शहापूरची शहाणी सांगतेय की चूल मोजली जाणार, दिल्लीचा कायदा आहे.

मला वाटतं खालच्या पाड्यात पहिली पेटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीला निघाले तर एका घराच्या मागे एक सून तीन दगडांवर भाताचं मडकं ठेवून बसलेली, आणि सासू दारात कमरेवर हात ठेवून.

"काय हे?" सासू मला विचारते.

सूनच म्हणाली, "मला काय हौस हाय का आत्या? पाड्याची एक चूल वाढली तर बाई वाढंल. पाड्यासाठी करते."

"पाड्यासाठी तू बोंबील भाजतेस?"

"पाड्यासाठीच."

दुपारपर्यंत पाड्याची सेवा साथीसारखी पसरली. मोठ्या पाड्याला कळलं की खालचा पाडा वाढतोय, मग मोठ्या पाड्याच्या सासवांनीच, हरू नये म्हणून, नाक मुरडत सुनांना परवानगी दिली. एका घरात चार सुनांच्या चार चुली आणि सासूची पाचवी. घरातल्या घरात त्यांची एक बाई झाली. एका बाईने नवऱ्यापासूनही चूल वेगळी केली. तो आईकडे जेवायचा आणि ही अंगणातून त्याला बघत जेवायची. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा गरम जेवले. एक विधुर आजोबा होते, त्यांनीही तीन दगड मांडले. मी सांगितलं, "आजोबा, बायांच्या चुली मोजतोय." ते म्हणाले, "चुलीला काय ठावं पेटवणारा कोण? मोज."

मी मोजली.

आणि घरी येते तर आमच्या परसात माझी थोरली जाऊ, दोन पोरं बाजूला घेऊन, वालाचं बिरडं रटरटवत बसलेली. आत्या आत एकट्या, घुम्यासारख्या. मामा मधल्या दारात. त्यांना दोन्हीकडून हाक आली. ते आधी आत जेवले, मग हात धुऊन परसात जेवले, आणि पुढचे कितीतरी दिवस असेच दोनदा जेवत राहिले. न्याय सारखा हवा, म्हणायचे.

मग मी मागे कशी राहीन? मीही गोठ्याच्या कुडाशी चूल मांडली. भाकरी मला येत नव्हती. शहापूरला आई थापायची आणि मी वाचायची. तांदळाची उकड काढली ती खळीसारखी झाली. तव्यावर घातलेली भाकरी भूगोलाच्या पुस्तकातल्या बेटासारखी दिसत होती. म्हशीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी ती खाल्ली. कायदा म्हणजे कायदा.

तिसऱ्या दिवशी मोजणी पुरी झाली. मोठा पाडा अठ्ठावन्न, बाया अकरा. खालचा वीस, बाया चार. नदीकडचा तेरा, त्यात टेकाडाच्या तीन धरून सोळा, बाया तीन. टेकाड तिथंच, तीन.

मी टेकाडावर गेले ते कीव करायला. म्हटलं, "तुम्हीही पेटवा की दोन. पाच झाल्या की तुमची स्वतःची बाई होईल."

म्हातारी शेण सारवत होती. "लाकूड हाय. दगड हायत. तांदूळपण काढीन कुठून तरी. पण चूल वाढली की मडकं वाढतं, मडकं वाढलं की घासायचं वाढतं. दर चुलीमागं दोन घागरी जास्त. कोण आणणार, तू?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. अठ्ठावन्न चुलींच्या मोठ्या पाड्याच्याही डोक्यात नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी जुन्या विहिरीत घागर सोडली तर ठण्‌ वाजली. खाली चिखल आणि एक बेडूक. चुलींनी विहीर पिऊन टाकली होती.

सासवांचा हुकूम सुटला, जा नाल्यावर. आणि सगळ्या गावच्या सुना, हसत खिदळत, रिकाम्या घागरी वाजवत, टेकाडाखालच्या झिऱ्यावर पोचल्या. मीही. बघतो तर झिऱ्याच्या काठावर म्हातारी मांडी घालून बसलेली, हातात करवंटी. नाल्यावरचा रिवाज असा की ज्याने झिरा खणला त्याच्या हातात करवंटी. तिथे पाटलाचं काही चालत नाही.

"रांग लावा," म्हातारी म्हणाली. "पण माणसांची नाय. पाड्यांची. एक घागर मोठ्या पाड्याची, एक खालच्या, एक नदीकडच्या, एक टेकाडाची. मग पुन्हा पयली."

मोठ्या पाड्याच्या बाया उसळल्या. "आमी तीस जणी आलोत. तुमी दोघी. तुमालाबी एक आणि आमालाबी एक?"

"चुली तुमी वाढवल्यात," म्हातारीने करवंटी उपडी केली. "पाडे चारच हायत."

आणि मला एकदम तो गाळलेला अर्धा रकाना आठवला. वाचला नव्हता तरी मथळा डोळ्यांखालून गेला होता. घरी येऊन गाठोड्यातून कागद काढला. केसांची बाई तशीच होती. तिच्या डोक्यावर लिहिलं होतं की समुद्रापलीकडल्या एका देशात दोन सभा असतात. एकीत माणसं मोजून जागा, दुसरीत राज्यागणिक दोन-दोन, मग ते राज्य केवढंही असो, म्हणजे मोठ्याने धाकट्याला चिरडू नये. आपल्याकडेही दुसरी सभा व्हावी, पण तिच्यात लहान-मोठी राज्यं सारखी धरायची की लोकवस्तीप्रमाणे, याचा खल चाललाय. हे मी मामांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "टेकाडावरची दिल्लीला जाऊन आली का काय?"

पण हे संध्याकाळचं. सकाळी झिऱ्यावर काय झालं ते राहिलंच. एक घागर भरायला पान खाऊन थुंकेपर्यंत वेळ लागायचा, आणि मोठ्या पाड्याची पाळी चौथ्या घागरीनंतर. म्हणजे तीस बायांना सारा दिवस तिथंच. नाल्याच्या काठाला करंजाची चार झाडं, सावली ओटीपेक्षा गार. वळणाआड असल्यामुळे गावातलं एकही घर दिसत नाही. म्हणजे गावातल्या एकाही घरातून तिथलं दिसत नाही.

हे आधी कोणाच्या लक्षात आलं ठाऊक नाही. पण दुपार कलेपर्यंत आमच्यातल्या एकीने सासूच्या चालण्याची नक्कल केली, दुसरीने नवऱ्याच्या घोरण्याची. तिसरी, जिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता, ती असं गाणं म्हणाली की ते मला आजही नातसुनांपुढे म्हणता यायचं नाही. माझी थोरली जाऊ, जी घरात माझ्याशी मिठापुरती बोलायची, तिने मला करवंदं दिली आणि म्हणाली, "तुझी भाकरी म्हशीनं नाय खाल्ली ना?" आणि आम्ही दोघी वाळूत लोळून हसलो. म्हातारी करवंटीने पाणी काढत होती, अगदी सावकाश. मध्येच हात दुखला म्हणून थांबायची. मी म्हटलं, आजी, मी भरते. ती म्हणाली, "बस, गो. कुठं लगीनघाई हाय?"

असे तीन दिवस गेले. तीन दिवस आम्ही सकाळी जायचो आणि दिवस कलल्यावर यायचो, आणि सासवांना सांगायचो, काय सांगू आत्या, केवढा त्रास.

सातव्या दिवशी संध्याकाळी देवळात अठरा बाया बसल्या. मामांनी दोन मडकी ठेवली. एक देवळापुढच्या जागेचं, एक टेकाडाने मागितलेल्या जागेचं, नाल्याच्या वरच्या काठाला, दरडीवर करंजाखाली. प्रत्येक बाईला एक चिंचोका. एकेकीने गाभाऱ्यामागे जायचं आणि पदराआडून मडक्यात टाकायचा. पदराची युक्ती माझी. सगळ्या नियमांत तेवढा एकच शहाणपणाचा, आणि तोही मी लाजेखातर काढला होता.

म्हातारी देवळाबाहेर पायरीवर बसली होती. तिला चिंचोका नव्हता. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आत अठरा बाया, त्यांतली एकही टेकाडाची नाही. तिचा मुलगा दूर वडाखाली उभा होता, उद्याच्या उद्या किन्हवलीला निरोप द्यायचा की कायमचं गप बसायचं, याची वाट बघत. मी म्हटलं, "माझं चुकलं." म्हातारी म्हणाली, "मोज आधी."

मामांनी मडकी उलटी केली. देवळाचे आठ. नाल्याचे दहा.

सासवांनी चिंचोके पुन्हा मोजले. जुन्या चुलींनी सासवा निवडल्या होत्या, पण नव्या चाळीस चुलींनी कोणाला निवडणार? सुनांनाच. मोठ्या पाड्याच्या पाच, खालच्याच्या दोन, नदीकडची एक. झाल्या आठ. त्यांना विहीर ओटीवरून दिसेल अशी नको होती, करंजाखाली हवी होती, वळणाआड. आणि वरच्या दोन चिंचोक्यांचं म्हणाल तर दोन सासवाही कधीकाळी सुना होत्याच. प्रत्येक सासूने माझ्यापाशी शपथ घेऊन सांगितलं की ती मी नव्हे, आणि माझी सून तर नव्हेच नव्हे. पुढे सुनांनीही तेच सांगितलं. त्या हिशेबाने नाल्याला एकही मत पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आले. मामांनी एक जागा दाखवली. त्यांनी वाळूतला ओला झिरा पाहिला, भर वैशाखात पाणी पाहून मान डोलावली आणि वरच्या काठाला करंजाखाली चुन्याने वर्तुळ आखलं. "पुरुषांनी अशी जागा शोधली नसती," म्हणाले. मामांनी दोन जेवणांनी सुटलेल्या पोटावर हात फिरवला आणि गंभीरपणे हो म्हटलं.

पाऊस लागला तशा अंगणातल्या बहुतेक चुली वाहून गेल्या. सुना मुकाट्याने आत गेल्या, पण मिठाचा डबा आता एका जागी राहीना. माझ्या थोरल्या जावेची चूल मात्र परसातून पडवीत आली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. माझी म्हशीने लाथेने मोडली.

विहीर पुढल्या उन्हाळ्यात लागली. पाणी फुटलं त्या दिवशी सारं गाव नाल्यावर होतं. चिखलाने माखलेले पुरुष वर आले, मामांनी नारळ फोडला. पुढच्याच बाजाराला म्हातारीची सून किन्हवलीहून आली. बैलगाडीतून उतरली, सरळ विहिरीपाशी गेली, वाकून आत बघितलं, पोहरा सोडला, काढला, चूळ भरली, आणि मग सासूच्या पाया पडली.

मी तिथंच होते. मला वाटलं, आता म्हातारी मला काहीतरी गोड बोलेल. सातवी पास आहे, दिल्लीचं वाचते, कायदा केला, विहीर आणली. मी पदर सारखा करून पुढे झाले. म्हातारीने माझ्या गालावर ओला हात ठेवला आणि म्हणाली:

"गो पोरी, तू शहाणी असतीस तर गावानं नुसत्या सासवा बसवल्या असत्या, आणि माझी सून किन्हवलीलाच म्हातारी झाली असती. तू आपली अशीच येडी ऱ्हा."